झाकणापुढचा नारळ

समुद्रतळातून उपसलेला तेलाच्या पाइपलाइनचा अवजड व्हॉल्व्ह यार्डात आडवा पडला होता. त्याच्या पोटात मनगटाएवढ्या जाड तारेची स्प्रिंग दाबून बसवलेली होती. तिला अडवून धरलं होतं ते गंजक्या बोल्टांच्या झाकणानं. झाकणासमोर कामगार हरबा गॅसकटर घेऊन उभा होता.

"खाऱ्या पाण्यात कुजलेली स्प्रिंग कसली उसळतेय? काप बोल्ट!" यार्डाचे मालक खांबेटे गरजले.

इंजिनिअर सुलभा तांडेल म्हणाली, "आधी झाकणाला लांब आट्यांचे दांडे लावून, त्यांचे नट फिरवत स्प्रिंग सावकाश सैल करू. उद्यापर्यंत होईल."

"आजच्या आज हवंय!"

"बरं. पण कामाआधीचा नारळ तुमच्याच हातचा असतो. हरबा, तू बाजूला हो. साहेब, इथं उभं राहून फोडा, म्हणजे लगेच बोल्ट कापू."

खांबेटे नारळ घेऊन झाकणासमोर आले. तेवढ्यात आतून कर्रर्र आवाज आला. ते थिजले, मग घाईघाईनं मागं सरले.

"तिथं उभं करून माझा जीव घ्यायचाय का?"

"ती जागा मी नाही निवडली, साहेब," सुलभा म्हणाली. "मघाशी तुम्हीच हरबाला दिली होती."

खांबेट्यांनी नारळ खाली ठेवला. "दांडे लावा," ते पुटपुटले.