मासे नसलेल्या डोहात गळ

हिमालयाच्या कुशीतल्या एका अरुंद दरीत, नदीच्या काठी, एकदा एक वृद्ध गृहस्थ राहत असत. दरीतली लहानथोर माणसं त्यांना बाबा म्हणत. बाबांनी आयुष्यात कधी जाळं हाती धरलं नव्हतं. कोंबड्याच्या मानेचं एखादं पीस, रेशमाचा धागा आणि तांदळाच्या दाण्याएवढा गळ, एवढ्या सामग्रीतून ते एक खोटी माशी बांधत. लांब दोऱ्याच्या टोकाची ती माशी पाण्यावर अशी अलगद उतरत असे, की ट्राउटसारखा संशयी मासासुद्धा तिला खरा किडा समजून झेप घेई. संध्याकाळच्या जेवणापुरता मासा मिळाला की पुढचे सगळे मासे बाबा पाण्यातच गळातून सोडवत आणि जाऊ देत.

ही विद्या शिकायला त्यांच्याकडे टेकचंद नावाचा एक शिक्षक येऊ लागला. तिशीतला, उमदा आणि तापट. पहिल्याच दिवशी त्यानं मोठ्या उत्साहानं गळाची काठी उचलली, तर बाबा म्हणाले, "ती ठेव खाली. आधी दगड उलटे करायला शीक."

टेकचंदनं गुडघाभर पाण्यात वाकून एक दगड उलटा केला. त्याच्या पोटाला बारीक बारीक किडे चिकटलेले होते.

"हे मासळीचं अन्न," बाबा म्हणाले. "पाणी बिघडलं की सगळ्यात आधी हे मरतात. ज्या दगडाखाली हे नाहीत तिथं गळ टाकणं म्हणजे रिकाम्या घराचं दार ठोठावणं."

टेकचंद पुढं उत्तम गळ टाकायला शिकला. पण त्याचा जीव मासे धरण्यापेक्षा नदीतच अधिक गुंतला. दरीत नवा रस्ता आला होता, रस्त्याबरोबर प्रवासी आले होते आणि प्रवाशांबरोबर प्लास्टिक. ज्या पाण्यात आपण लहानपणी ओंजळ बुडवून प्यायलो त्यात लहान मुलांची घाणेरडी लंगोटं तरंगताना पाहून त्याच्या अंगाची लाही होई. त्यानं गावातली माणसं गोळा केली आणि दर रविवारी नदी साफ करण्याचं व्रत घेतलं. बाबाही वाकलेल्या पाठीनं, खांद्यावर पोतं टाकून त्यांच्यात सामील झाले.

या कामाला एक आश्रयदाताही लाभला. नदीच्या वरच्या वळणावर दरीतलं सर्वांत मोठं हॉटेल होतं आणि त्याचे मालक, ज्यांना सगळे लालाजी म्हणत, मोठे उदार गृहस्थ होते. त्यांनी सर्वांना हातमोजे दिले. हॉटेलचं नाव छापलेल्या टोप्या दिल्या. काम संपल्यावर हिरवळीवर बसवून गरम पुरीभाजी खाऊ घालण्याची प्रथा पाडली. मग भरलेल्या पोत्यांसमोर सर्वांचं छायाचित्र निघे, मधोमध लालाजी. वर्तमानपत्रात ते छापून येई. टेकचंदला वाटे, पैसेवाल्यांत असा माणूस विरळाच.

एका रविवारी खेचरं हाकणाऱ्या एका मजुराची बायको काठावर मुलाला बिस्किटं भरवत बसली होती. तिनं पुड्याचा रिकामा कागद खाली टाकला. टेकचंदनं तो टाकताना पाहिला आणि त्याचा तोल सुटला.

"लाज नाही वाटत? ही नदी आहे की तुझा उकिरडा?" तो इतक्या जोरात ओरडला की तिच्या मांडीवरचं मूल रडू लागलं. तिनं घाईघाईनं कागद उचलला. "आणि तो? आणि ती बाटली? ते कोण उचलणार?" टेकचंद बोट दाखवत गेला आणि ती बिचारी, जो कचरा तिचा नव्हताच तोही, मुलाला सावरत उचलत गेली. टोपीवाल्यांपैकी काहींनी टाळ्या वाजवल्या.

बाबा जवळच बाटल्या वेचत होते. त्यांनी पाठ सरळ केली, टेकचंदकडे बराच वेळ पाहिलं, आणि हातातलं पोतं काठावर ठेवून ते घरी निघून गेले.

पुढच्या रविवारी बाबा आले ते काठी घेऊन. टेकचंदनं त्यांच्यापुढं हातमोजे धरले. त्यांनी ते घेतले नाहीत. ते सरळ लालाजींच्या हिरवळीखालच्या डोहात उतरले आणि गळ टाकू लागले.

टेकचंदला काही कळेना. त्या डोहात मासा नव्हता. एके काळी दरीतले सर्वांत थोराड ट्राउट तिथंच असत, हे त्याला बाबांनीच सांगितलं होतं. आणि आता तिथले दगड उलटे केले तर बुळबुळीत काळा थर लागतो, किड्याचं नाव नाही, हेही बाबांनीच दाखवलं होतं. तोच माणूस त्याच डोहात उभा राहून एकाग्र चित्तानं माशी पाण्यावर उतरवत होता, खेचत होता, पुन्हा उतरवत होता. काठावर वीसेक माणसं कंबर मोडून कचरा उपसत होती.

"बाबा, हे काय चाललंय?" शेवटी टेकचंदनं विचारलं.

"मासे धरतोय."

"इथं मासे नाहीत."

"नाहीत," बाबा शांतपणे म्हणाले आणि त्यांनी दोरा पुन्हा हवेत फिरवला.

बाबा मग रोजच तिथं येऊ लागले. सकाळी हॉटेलचे पाहुणे चहाचे पेले घेऊन हिरवळीवर येत त्या वेळी, आणि संध्याकाळी ते फेरफटका मारायला निघत त्या वेळी. नदी साफ करणाऱ्या मंडळातली माणसं आपसांत बोलू लागली, म्हाताऱ्याला चळ लागला. टेकचंदला तर ती विश्वासघातासारखी गोष्ट वाटली. नदी आचके देते आहे आणि ज्यानं आपल्याला नदी वाचायला शिकवलं तो खेळत बसला आहे! तो बाबांकडे जायचा थांबला.

लालाजींना मात्र आधी गंमत वाटली. पहाडी म्हातारा, पांढरी दाढी, हवेत वळसे घेणारा दोरा. पाहुणे हौसेनं फोटो काढत. लालाजी नोकराकरवी बाबांना चहासुद्धा पाठवत.

पण फोटो काढून झाला की जो तो एकच प्रश्न विचारी, "काय बाबा, लागला का मासा?"

"नाही."

"कधी लागेल?"

"इथं मासा नाही."

"मग उभे का तुम्ही?"

"इथं होते म्हणून," बाबा म्हणत. "या ना खाली. एक दगड उलटा करून बघा."

काही जण हसून निघून जात. काही जण उतरत. काळा थर बोटांना लागला की नाक मुरडून हात धुवायला पाण्यात घालत, आणि मग पाण्याचाच वास येऊन हात मागं घेत. बाबा त्यांना थोडं वर नेत, हिरवळीच्या पलीकडे, आणि तिथला दगड उलटा करायला सांगत. तिथं किडे वळवळत असत. एवढं दाखवून बाबा पुन्हा आपल्या जागी जात. वरचा दगड जिवंत आणि खालचा मेलेला, तर मधे आहे काय, हे ज्याचं त्यानं पाहावं. आणि पाहणाऱ्याला ते दिसे. दोन्हींच्या मधे, काठावरच्या दाट झुडपाआड, एक जाडजूड पाइप होता. हॉटेलच्या साऱ्या खोल्यांचं सांडपाणी आणि मैला त्यातून थेट नदीत सुटत होता.

एके दिवशी एक प्रौढ बाई, ज्यांची नातवंडं आदल्या दिवशी त्याच पाण्यात खेळली होती, तरातरा वर गेल्या आणि भर जेवणघरात त्यांनी लालाजींना जाब विचारला. त्याच संध्याकाळी त्यांनी खोली सोडली. त्यांच्यापाठोपाठ आणखी दोन कुटुंबं निघाली.

रविवारी लालाजी स्वतः काठावर उतरले. आज त्यांच्या चेहऱ्यावर औदार्य नव्हतं. टेकचंद पोतं ओढत होता, त्याच्यासमोर ते उभे राहिले.

"टेकचंद, तुझ्या त्या म्हाताऱ्याला आवर. माझं गिऱ्हाईक पळवतोय तो."

"त्यांनी काय केलं, लालाजी?"

"पाइप दाखवत फिरतो! अरे, एवढं मोठं हॉटेल, घाण होणारच. ती जाणार कुठं? टाकी बांधायला ही सगळी हिरवळ उकरावी लागेल." मग आवाज जरा मऊ करून, समजुतीच्या स्वरात ते म्हणाले, "आणि दर रविवारी तुम्ही नदी साफ करताच ना? त्याचसाठी तर मी तुम्हाला पोसतोय. मग बिघडलं कुठं?"

टेकचंदच्या हातातून पोतं गळून पडलं.

लालाजींनी काही वावगं बोलल्याच्या भावनेनं ते म्हटलंच नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं तो रोखठोक व्यवहार होता, आणि म्हणूनच ते शब्द टेकचंदच्या काळजात रुतले. त्यानं नाकावरचा रुमाल खाली ओढला आणि डोक्यावरची टोपी काढली. तिच्यावरचं नाव तो इतके महिने कपाळावर मिरवत होता. मुठीत चुरगळून त्यानं ती लालाजींच्या हातात कोंबली आणि तो तसाच, बुटांसकट, डोहात बाबांकडे गेला.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो संतापानं म्हणाला. "पाइप ठाऊक होता. मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. दगड दाखवले तेव्हाच. तू म्हणालास, लालाजींशी नंतर बोलू, माणूस भला आहे." बाबांनी दोरा गुंडाळला. "पुरीभाजी खाल्लेल्या तोंडानं भांडता येत नाही रे. मलाही आलं नाही. मीही तिथंच बसून जेवत होतो."

टेकचंदनं वाकून पायाशी एक दगड उलटा केला.

"मग त्या दिवशी तू त्या बाईवर ओरडलास," बाबा म्हणाले. "तुझा राग खरा होता, टेकू. नदीसाठी राग यायलाच हवा. ज्याला येत नाही त्याचं नदीवर प्रेम नाही. पण तो राग निघाला कुणावर? बिस्किटाच्या कागदावर. जिच्या घरात संडास नाही अशा बाईवर. आणि ज्याचा पाइप दिवसरात्र वाहतो त्याच्या शेजारी आपण दोघं फोटोला उभे राहत होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कचरा उचलणाऱ्याला पाहून लोक हात जोडतात आणि पुढं जातात. घाण कोण करतो हे कुणी विचारत नाही, कारण ती नाहीशी करणारे आपण आहोतच. गळ टाकून उभ्या असलेल्या माणसाला मात्र येणारा-जाणारा विचारल्याशिवाय राहत नाही. मला तेवढा एक प्रश्न हवा होता."

पाणी दोघांच्या पायांवरून वाहत होतं. त्याला वास येत होता. आजवर आपण नाकाला रुमाल बांधून काम करत होतो आणि म्हणून हा वास आपल्याला कधी आलाच नाही, हे टेकचंदला त्या क्षणी उमगलं.

पुढच्याच आठवड्यात लालाजींच्या हिरवळीवर समारंभ होता. मंडप घातला होता, सनई लावली होती. नदीसेवकांचा सत्कार एका बड्या अधिकाऱ्याच्या हस्ते व्हायचा होता. अधिकारी आले, हार घालून झाले, पण पहिल्या रांगेतल्या खुर्च्या रिकाम्याच. सत्कारमूर्ती खाली डोहात उभे होते. कुणाच्या हाती खरी काठी, कुणाच्या हाती बांबू आणि सुतळी. गळसुद्धा नसलेल्या सुतळ्या माणसं गंभीरपणे पाण्यात सोडून उभी होती. सगळेच आले नव्हते. ज्यांना टोपी आणि न्याहारी प्रिय होती ते घरी राहिले होते. पण जे आले होते ते हलत नव्हते.

लालाजी हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "साहेब, गावची माणसं आहेत. जरा मौज."

अधिकारी कठड्याशी आले. माणसानं जे विचारावं तेच त्यांनी विचारलं, "काय, काही लागलं का?"

"साहेब," टेकचंद खालून म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तरी मंडपात शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला. "आमचा सत्कार नंतर करा. आधी खाली येऊन एक दगड उलटा करून बघा."

एवढ्या लोकांसमोर मागं फिरणं अधिकाऱ्यांना जड गेलं. ते पॅंट दुमडून उतरले. त्यांनी दगड उलटा केला. काळा थर बोटांना लागला, वास आला, आणि अगदी वर हॉटेल होतंच; झुडपातला पाइप शोधायची गरज न पडता त्यांनी मान वळवून थेट लालाजींकडे पाहिलं.

गोष्ट एका दिवसात निकाली निघाली नाही. लालाजींनी वकील केला, ओळखी काढल्या, टाळाटाळ केली. टेकचंद आणि त्याची माणसं ऊन असो, बर्फ असो, डोहात उभी राहत गेली. लालाजी वाट अडवून थकले, पाहुणे विचारून थकले नाहीत. अखेर ती हिरवळ उकरली गेली, टाकी बांधली गेली आणि पाइप सिमेंटनं बुजवला गेला. लालाजींनी पुरीभाजी कायमची बंद केली. मंडळात निम्मीच माणसं उरली. ती अजूनही रविवारी कचरा उचलतात, स्वतःच्या घरचे फाटके मोजे घालून.

पाइप बुजल्यानंतरच्या उन्हाळ्यात दरीत आणखी एक मोठं हॉटेल उभं राहिलं. त्याचे मालक मिठाईचा पुडा घेऊन टेकचंदच्या घरी आले. म्हणाले, "तुमच्या कार्याबद्दल पुष्कळ ऐकलंय. टोप्या, मोजे, खाणं, सगळं आमच्याकडून. फक्त हो म्हणा."

टेकचंदनं त्यांना आदरानं बसवलं, पाणी दिलं. मग विचारलं, "आपल्या हॉटेलचं सांडपाणी कुठं सुटतं? चला, आधी ते दाखवा."

ते मालक पुड्याच्या दोरीशी चाळा करू लागले.

बाबा ओसरीवर गळाभोवती पीस गुंडाळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात क्षणभर थांबला. टेकचंदला आता शिकवायचं काही उरलेलं नाही, हे त्यांना समजलं होतं.

सेवा अवश्य करावी. मात्र आपल्या सेवेच्या आड कुणाचा पाइप सुखानं वाहत नाही ना, हे वाकण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावं.