टेकडीवरची मोजणी

फार वर्षांपूर्वी, सकाळी बरोबर सव्वासात वाजता, कावळ्याने टेकडीच्या माथ्यावर आलेल्या शेळ्या मोजल्या. तापावर घाणेरीचा पाला खाल्लेल्या बारा निघाल्या, आणि बाराही टुणटुणीत.

"चंद्रे, तुझ्या ताप आलेल्या करडालाही हाच पाला चार," तो म्हणाला.

चंद्री शेळीने पाला तोडला, पण तिचं मन धजेना. "कावळेदादा, खाली गोठ्यात विचारलंत का?"

"अगं, ज्या इथवर आल्याच नाहीत, त्यांना कशाला मोजू?"

चंद्री पाला टाकून खाली धावली. गोठ्यात सात शेळ्या आडव्या पडल्या होत्या.

"बाई, तो पाला खाल्ल्यापासून उठवतसुद्धा नाही," एक कण्हली, "टेकडी कुठली चढणार?"

चंद्रीने करडाला नुसतं दूध पाजलं.

बायांनो, मोजणाऱ्याला आधी विचारा, कुणाला मोजलं नाही; आणि हे शेजारणीलाही सांगा.