रोह्याची नेमाची जागा

जंगलाला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हा दाट झाडीतल्या एका चिमुकल्या कुरणात एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, चरत असे. कुरणातलं गवत दरवर्षी विरळ होत चाललं, तसं त्याला चैन पडेना. दिवसभर येरझाऱ्या घालत तो चोर शोधू लागला. "तुम्हीच मुळं कुरतडता," म्हणत त्याने सशांना हाकललं. तरी गवत वाढेना.

शेवटी त्याने खुराने जमीन उकरली. माती राखेसारखी उडाली. "यातली गांडुळं कुठे गेली?"

"तुमच्या लेंड्यांच्या ढिगाखाली," फांदीवरून साळुंकी म्हणाली. "तुम्ही खाता इथे आणि लेंड्या टाकता ओढ्यापलीकडे, रोज त्याच जागी. तिथे गवत पोटापर्यंत वाढलंय, पण त्या वासात तोंड कोण घालणार?"

"आमचे वाडवडील तिथेच जात. जेवायच्या जागी घाण करायची?"

"ससे करायचे, त्याच खतावर इथलं उरलंसुरलं गवत तगून होतं. त्यांना तुम्ही हाकललंत."

संध्याकाळी रोह्याचे पाय सवयीने ओढ्याकडे वळले. काठावर तो बराच वेळ घुटमळला आणि कुरणात परतला. झुडपाआडून ससे डोकावत होते.

"या आत," तो पुटपुटला. "पण आधी तोंडं तिकडे फिरवा."