सोनकीची धाव

“मग हा चमत्कार नाही तर काय, माई?”

माईंचा शिष्य दिगंबर अंगणातून धावतच आत आला होता. त्याच्या आवाजाने देवघरातली समई हलावी, असा त्याचा उत्साह.

चमत्कार होता सोनकीचा. टेकडीवरच्या माईंच्या मठातली ती म्हातारी मांजरी. एरवी ओसरीवर पडून असायची, हात लावला तरी कूस बदलायची नाही. आता मात्र ती आढ्यावर झेप घेई, पहाटे ओरडून मठ उठवी, दूधभाताची वाटी चाटूनपुसून पुन्हा दारात उभी राही.

माईंच्या सहवासात म्हातारपणसुद्धा मागे फिरतं, असं दिगंबरने गावात सांगितलं होतं. लोक नारळ घेऊन येऊ लागले होते. येत्या गुरुवारी सोनकीला पाटावर बसवून ओवाळायचं, हेही त्यानेच ठरवलं होतं.

माईंनी सगळं ऐकलं. सोनकीला मांडीवर घेतलं.

“खाते किती?”

“चौघांचं, माई.”

“मग हाडं का लागतात?”

दिगंबर वाकून पाहू लागला.

माईंनी त्याचा तळवा धरून सोनकीच्या बरगड्यांवर ठेवला. आत काळीज नुसतं थडथडत होतं.

“ती बसलीय ना?”

“हो.”

“मग पळतंय कोण?”

…

त्याच दिवशी दिगंबर टोपलीत सोनकीला घालून तालुक्याला गेला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा गळा चाचपला, रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी वाढली होती आणि गरजेपेक्षा जास्त काम करत होती. म्हाताऱ्या मांजरांना होतो हा आजार, त्या म्हणाल्या. अंगात जोर दिसतो, पण अंगच जळत असतं. काळजावर ताण येतो. रोज गोळी द्यावी लागेल, जन्मभर.

परत आल्यावर दिगंबरने हळूच विचारलं, की गोळी गुरुवारनंतर सुरू केली तर चालेल का.

माईंनी त्याच्याकडे पाहिलं… आणि गोळ्यांची पुडी त्याच्याच हातात ठेवली.

गुरुवारी अंगण भरलं. पाट मांडलेला, निरांजनं पेटलेली. दिगंबर सोनकीला घेऊन बाहेर आला. सगळे पुढे सरसावले.

“हिला तेज चढलेलं नाही,” तो म्हणाला. “ही आजारी आहे. मला कळलं नाही.”

आणि सगळ्यांसमोर त्याने तिच्या तोंडात गोळी घातली. तिने त्याचं मनगट ओरबाडलं.

कुणी हसलं. कुणी नारळ उचलून परत घेऊन गेलं. अंगण रिकामं झालं.

दिगंबर गोळ्या देत राहिला. ओरखडे वाढले. मग हळूहळू पहाटेचं ओरडणं थांबलं. वाटीत भात उरू लागला, तरी बरगड्या झाकल्या जाऊ लागल्या.

एका दुपारी तो पुन्हा धावत माईंकडे आला. पहिल्यापेक्षाही जोरात. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. सोनकी उन्हात पाय ताणून घोरत होती, त्याने बरगड्यांवर हात ठेवला तरी जागी झाली नव्हती. आतलं काळीज संथ चाललं होतं. बोलताना त्याला श्वास पुरत नव्हता.

“माई, गावात सांगून येऊ?”

माई हसल्या.

“सांग. पण हळू… ती झोपलीय.”