साहेबांचं नाक

चिखलदऱ्याच्या डोंगरात फुलमा कासदेकरची अर्धा एकर कॉफी. औषधाचा थेंब पडू द्यायची नाही, म्हणून परदेशातलं गिऱ्हाईक तिला रास्त भाव देई. त्यासाठी शेती सेंद्रिय असल्याचा दाखला मात्र दरवर्षी लागे, आणि तो द्यायला शहरातून तपासनीस घाटपांडे साहेब मोठ्या रुबाबात येत.

यंदा साहेबांनी जीपमधून उतरण्याआधीच डासांच्या धास्तीनं टकलापासून बुटापर्यंत अंगभर फवारा मारून घेतला. मग ते कॉफीच्या झुडपांत शिरले, नाक वर केलं आणि गरजले, "औषधाचा वास येतोय! एक थेंब पडला तरी तीन वर्षं दाखला नाही. नियम म्हणजे नियम!"

फुलमा वाद घालत बसली नाही. ती एकेक झुडूप हुंगत चालली. पानोपानी मुंगळे होते, दोन तिच्या बाहीवरही चढले. हुंगत हुंगत ती साहेबांच्या कॉलरपाशी आली आणि सणसणीत शिंकली.

"वास सापडला, साहेब! नियम तुमचाच आहे ना? मंग आता तीन वर्सं माह्या वावरात पाय ठेवू नका."

साहेबांनी दाखल्यावर सही केली, ती बांधाबाहेर उभं राहून.