माळ्यावरचा चोर

द्राक्षं बोलायची तेव्हाची गोष्ट. इटलीतल्या एका टेकडीवर नेरीनाबाईंनी काळ्या द्राक्षांचे घड तोडले आणि वाईनसाठी माळ्यावर सुकत घातले. खिडकीतून वारा रोज यायचा आणि त्यांच्यातलं थोडं थोडं पाणी घेऊन जायचा.

एक सुरकुतलेला घड ओरडला, "बाई, खिडकी लावा! हा चोर मला लुटतोय!"

"पाणीच नेतोय ना? गोडवा कुठे नेतोय?" नेरीनाबाई हसल्या. खिडकी उघडीच राहिली.

त्या घडाची वाईन झाली, गडद आणि दमदार. काही वर्षांनी बाईंच्या लेकीच्या लग्नात ही वाईन प्यायल्यावर काठी टेकणारे आजोबासुद्धा नाचायला उठले.

त्याच दिवशी माळ्यावर नवे घड चढत होते. त्या वाईनच्या पिंपातून खणखणीत हाक आली, "अरे चोरा, कुठे राहिलास? माझी भाचरं आलीत वर!"