चांदटेंबावरची पहिली चूड

आपण बसलो आहोत त्या टेकडीला तांबऱ्यात चांदटेंब म्हणतात. वर झाड नाही, गवतही बेताचंच. मधोमध हा काळा कातळ आणि त्यात शेजारी शेजारी दोन खळगे. दोन्ही आतून जळून काळे झाले आहेत. पाहुणे विचारतात, इथे कोणी जेवण शिजवतं का? नाही. या खळग्यांत चुडी उभ्या करतात. सुक्या झावळ्या घट्ट बांधल्या की चूड होते. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी ईदचा चंद्र दिसला की इथे दोन चुडी पेटतात, आणि त्या बघून खालचं गाव एकमेकांना मुबारक म्हणतं.

गाव टेंबाच्या आड आहे. समुद्राकडचं आभाळ तिथून दिसत नाही. नवा चंद्र केसासारखा बारीक, सूर्याच्या मागोमाग तोही पाण्यात उतरतो. त्याला बघायचं तर वरच यावं लागतं. म्हणून टेंब. पण दोन चुडी का, आणि पहिली चूड अमक्यानेच का पेटवायची, त्याला कारण आहे.

पहिली चूड त्या घरचा माणूस पेटवतो, ज्या घरातलं दुःख गावात सगळ्यांत ताजं असतं. बाकी कोणाला चंद्र आधी दिसला तरी त्याने गप्प राहायचं. आता मोबाइलवर खबर येते, चंद्र ठरवणाऱ्या मुंबईच्या कमिटीचं काय ठरलं ते गावाला कळतं. ईद कोणासाठी थांबत नाही, ती थांबवायची कोणाला परवानगीही नाही. थांबतं ते फक्त मुबारक म्हणणं. चूड पेटेपर्यंत तांबऱ्यात कोणी कोणाच्या गळ्यात पडत नाही.

यंदा ते ताजं दुःख आमच्या घरात आहे. ही गोष्ट पाहुण्यांना माझा भाई मुनाफ सांगायचा. तो सांगायचा तेव्हा लोक पोट धरून हसायचे आणि शेवटी डोळे पुसायचे. रजब महिन्यात घाटात ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली. त्याला जाऊन चार जुम्मे होत नाहीत तोच शब-ए-बरात आली. सगळे आपल्या जुन्या कबरींवर अगरबत्ती लावत होते आणि आमच्या कबरीची माती अजून बसलीही नव्हती. मग रमजान आला. आमचे मोठे दिवस असे चंद्राबरोबर चालत येतात. कधी थंडीत, कधी आंब्यात, कधी पावसात. आपलं काय चाललंय ते विचारत नाहीत.

काडेपेटी माझ्या खिशात आहे. पेटवेन की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. सूर्य बुडायला वेळ आहे. तोवर ऐका.

होड्यांना शिडं होती तेव्हाची ही गोष्ट, असं सांगतात. तांबऱ्यात सुलेमान आणि जैनुद्दीन असे दोन भाऊ होते. धाकट्याला सगळे जैनू म्हणत. बाप लहानपणीच गेला होता. दोघे खाडीच्या तोंडाशी जाळी टाकत आणि आईला सांभाळत. सुलेमानचं लग्न झालं होतं. बायको खाडीपलीकडच्या कुडवे गावची.

दोघांची नजर घारीची होती म्हणे. ईदच्या चंद्राला एकाची साक्ष पुरत नाही, दोन साक्षी लागतात. म्हणून गावाने हे काम या दोघांना दिलं होतं. दोघे वर यायचे, या कातळावर उभे राहायचे. चंद्र आधी दिसायचा सुलेमानला. मग तो जैनूच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि त्याच्या गालाला गाल लावून बोट दाखवायचा.

"दिसला?"

"कुठे?"

"माझ्या बोटाच्या टोकावर बसलाय गाढवा."

"तिथे तर ढग आहे."

"ढग तुझ्या डोक्यात आहे. आभाळात चंद्र आहे."

मग जैनूला दिसायचा. दोघे आपापली चूड पेटवायचे. खाली लोक दोन उजेड मोजायचे. एक उजेड म्हणजे अजून नाही. दोन म्हणजे ईद.

एका वर्षी अर्धा रमजान झाला आणि सुलेमानला ताप चढला. रोजा सोड म्हणून सगळ्यांनी सांगितलं. त्याने सोडला, पण ताप सोडेना. तिसऱ्या दिवशी तो गेला. टेंबाच्या पायथ्याशी, खाडीच्या अंगाला कब्रस्तान आहे, येताना तुम्ही बघितलंत. तिथे त्याला ठेवलं.

जैनू रडला नाही म्हणे. लोक म्हणाले, पोर धीराचं आहे. मुनाफभाई इथे थांबायचा आणि म्हणायचा, जे रडत नाही त्याच्याजवळ बसावं. मला तेव्हा ते नुसतं गोष्टीतलं वाक्य वाटायचं.

एकोणतिसावा रोजा आला. वर कोण जाणार? जैनू तर जाणारच, त्याची नजर गावाला ठाऊक. दुसरा साक्षी म्हणून हसनबांगी निघाला. तो मशिदीत बांग द्यायचा. म्हातारा, कमरेत वाकलेला, पण बोलायला खट्याळ. चढता चढता म्हणाला, "जैनू, माझ्या डोळ्यांना आता फक्त जेवणाचं ताट लांबून दिसतं. चंद्र तू शोध. मी तुझ्या बोटावरून बघेन."

जैनू दोन्ही चुडी खांद्यावर घेऊन पुढे चढत राहिला.

दोघे कातळावर उभे राहिले. सूर्य बुडाला. पाण्यावर थोडी वाफ होती, तिच्या वर आभाळ लख्ख होतं. आणि तिथे चंद्र होता. जैनूला तो लगेच दिसला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी बोट न दाखवता दिसला.

म्हातारा विचारत होता, "कुठे रे? बोट कर की."

जैनूचे हात अंगाला चिकटून राहिले. तो म्हणाला, "नाही."

"नीट बघ. मला काहीतरी चकाकल्यासारखं वाटतंय."

"डोळ्यांतलं पाणी आहे चाचा. चंद्र नाही."

चंद्र बुडेपर्यंत तो असाच उभा राहिला. मग दोन्ही चुडी न पेटवता खाली घेऊन आला. गावाने टेंबाकडे बघून बघून मान खाली घातली आणि उद्याच्या रोज्याची नियत केली.

लोक म्हणतात, फार मोठा गुन्हा केला त्याने. केलाच. ईदच्या दिवशी रोजा ठेवणं हराम आहे. महिनाभर उपाशी राहिलेल्यांना अल्लाह ज्या दिवशी मजुरी देतो, तो दिवस ईदचा. त्या दिवशी पाहुणा होऊन खायचं असतं, ताट सारायचं नसतं. आणि त्या दिवसाच्या नमाजाआधी घराघरातून धान्य गरिबाकडे जायचं असतं, म्हणजे त्याचीही चूल पेटते. त्या सकाळी ते धान्य मोजून ठेवलेलं तसंच घरात राहिलं. हे सगळं मला कळतं. तरी जैनूला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. ज्याचा भाऊ मातीत आहे, त्याने हात वर करून सगळ्या गावाला नवे कपडे घालायला सांगायचं?

तर दुसरा दिवस उजाडला. गाव जुन्या कपड्यांत, सुकल्या ओठांनी कामाला लागलं. जैनू पहाटेपासून भावाच्या कबरीपाशी जाऊन बसला होता.

ऊन चढलं तेव्हा कुडव्याची होडी खाडीतून आली. सुलेमानच्या सासरची माणसं होती. नवरा गेल्यानंतर मुलीची पहिली ईद, तिला एकटं कसं ठेवायचं, म्हणून शिरखुर्म्याचं मोठं पातेलं घेऊन निघाली होती. अंगावर इस्त्रीचे कपडे, डोळ्यांत सुरमा. सुलेमानची मेहुणी, चुणचुणीत पोर, होडीतूनच ओरडली, "ईद मुबारक! अगो, तांबऱ्याची माणसं अजून उठली नाहीत वाटतं!"

किनाऱ्यावर जाळं विणणारे नुसते बघत राहिले. एक म्हणाला, "कसली ईद? आम्हाला रोजा आहे."

"रोजा? आज?" ती हसायला लागली. "तुमच्या टेंबावरून चंद्र दिसत नसेल तर आमच्याकडून भाड्याने न्यायचा होतात!"

मग तिचं हसू थांबलं. सगळ्यांचंच थांबलं. गावात एकच बोंब झाली. बायका भरलेले डोळे पुसत बाहेर आल्या. हसनबांगी छाती बडवत म्हणाला, "मी आंधळा, मी आंधळा!" कोणीतरी म्हणालं, तो आंधळा, पण जैनू तर नव्हता. माणसं कब्रस्तानाकडे धावली. पुढे होता त्याच्या हातात वल्हं होतं.

गावचे खतीब, म्हणजे मशिदीत प्रवचन देणारे, उमरसाहेब वल्ह्याच्या आडवे आले. त्यांनी जैनूला एकच विचारलं. "दिसला होता?"

"दिसला होता."

"मग?"

जैनू म्हणाला, "दोघांनी बघायचा असतो ना साहेब? माझा दुसरा इथे आहे." आणि त्याने कबरीवर हात ठेवला.

उमरसाहेब त्याच्याजवळ खाली बसले म्हणे. मग म्हणाले, "तुझा दुसरा काल तुझ्या शेजारी उभा होता. बोट कर, बोट कर म्हणत होता. सुलेमान तुला जसा दाखवायचा, तसा तू त्याला दाखवायचा होतास."

जैनूने मान खाली घातली, पण जागचा हलला नाही. तेवढ्यात त्याची आई आली. तिच्या हातात शिरखुर्म्याची वाटी होती. ती त्याच्यासमोर मातीत बसली.

"तोंड उघड."

"आय, मला नको."

"आज उपाशी राहायचं नसतं. उघड."

"भायशिवाय नको."

आमच्याकडे मानतात की ईदच्या दिवशी कबरीतली माणसंही वाट बघतात. नमाज झाली की घरचे येतील, फातिहा वाचतील, ईद झाल्याचं सांगतील. आई म्हणाली, "तो कालपासून वाट बघतोय. अर्धा महिना रोजे ठेवले त्याने. आज त्याचाही दिवस होता. आणि त्याच्याकडे कोणी आलं नाही."

"मी आलोय ना," जैनू म्हणाला. "पहाटेपासून इथेच बसलोय."

"तू रडायला आलायस रे," आई म्हणाली. "ईदला कोण आलंय?"

तेव्हा जैनू रडला. सुलेमान गेल्यापासून पहिल्यांदा. वल्हं आणणाऱ्याने वल्हं खाली टाकलं. आईने वाटीतलं त्याच्या तोंडात घातलं, मग उरलेलं आपण खाल्लं. कुडव्याचं पातेलं तिथेच उघडलं गेलं आणि सगळ्या गावाने कब्रस्तानाच्या कुंपणाशी उभं राहून रोजा सोडला.

काही जण अजून धुसफुसत होते. उमरसाहेब त्यांना म्हणाले, "ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यावर गुन्हा नाही. नमाजाची वेळ टळली आहे, ती उद्या सकाळी पढू. याचा गुन्हा याच्यावर आहे, तो अल्लाहपाशी माफी मागेल. पण काल आपण सगळे टेंबाकडे बघत होतो. हे पोर चुडी घेऊन आपल्या मधून गेलं, तेव्हा त्याच्या तोंडाकडे कोणी बघितलं का?"



त्या संध्याकाळी जैनू पुन्हा टेंबावर आला. हसनबांगीला त्याने पाठीवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवसाचा चंद्र जाड आणि उंच असतो, तो खालून, अंगणातूनही दिसत होता. कोणाला साक्ष नको होती. तरी गावात कोणी मुबारक म्हणालं नाही. सगळे वर बघत थांबले. जैनूने म्हाताऱ्याच्या गालाला गाल लावला आणि बोट केलं. म्हातारा म्हणाला, "अरे, हा तर माझ्या ताटापेक्षाही स्वच्छ दिसतोय!" जैनूने पहिली चूड पेटवली. दुसरी म्हाताऱ्याने. खाली दोन उजेड दिसले आणि तेव्हा कुठे लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. सगळ्यांत आधी जैनूच्या आईच्या दारात गेले.

तेव्हापासून हा रिवाज पडला, असं सांगतात. ईद सगळ्यांची असते, पण ती आधी त्याच्याकडून घ्यायची, ज्याला ती देणं सगळ्यांत जड जातं. मुनाफभाई म्हणायचा, तेवढ्यासाठी का होईना, गावाला त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

आजही चूड पेटवायला निघालेल्या माणसाबरोबर अख्खं गाव टेंबाच्या पायथ्यापर्यंत चालत येतं. कोणी बोलत नाही. मघाशी मी येत होतो तेव्हा तुम्ही बघितलंत. ज्या दुकानदाराशी माझं गेल्या वर्षापासून भांडण आहे तोही होता. माझी अम्मी कब्रस्तानाच्या फाटकाशी थांबली. तिच्या हातात रोजा सोडायचा डबा आहे. उद्या नमाजानंतर त्यातच शिरखुर्मा भरून ती कुठे जाणार, मला ठाऊक आहे.

जैनूनंतर आजवर कोणी चंद्र लपवला नाही, असं म्हातारे सांगतात. मुलगा गेलेल्या बापाने पेटवली आहे, लग्नाच्या महिन्यात नवरा गेलेलीने पेटवली आहे. मी रमजानभर ठरवत होतो की त्याच्यानंतर चंद्र लपवणारा पहिला मी असेन. तांबऱ्याला कळू दे एकदा, असं वाटत होतं.

सूर्य गेला. आता बोलू नका. मोबाइल खाली ठेवा. तिकडे बघा, खाडीच्या तोंडावर, वाफेच्या जरा वर. नाही, डावीकडे.

आजचे बांगी हे आपले कमरूचाचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे त्यांचं.

चाचा, या. इकडे, माझ्याजवळ. वाका जरा, गाल इथे लावा. आता माझ्या बोटाच्या टोकावर बघा.

दिसला?

धरा ही काडेपेटी. नाही, थांबा. पहिली माझी.